हळदीकुंकू वाहिलेली हौदी

आमच्या कोंबड्यांच्या शेडच्या दारात पाय बुडवायची एक हौदी आहे. आता ती कोरडी असते आणि तिच्यात बाभळीचा पाला पडतो. तिच्यात औषधाचं पाणी भरून ठेवायचं आणि आत जाणाऱ्या प्रत्येकानं चपलेसकट दोन्ही पाय त्यात बुडवून मगच पुढं जायचं, म्हणजे बाहेरचा रोग बाहेरच राहतो. एवढी साधी गोष्ट. पण ती मी सहा वर्षांत एकाही माणसाकडून धड करून घेऊ शकले नाही.

मी भांडखोर आहे हे आधीच सांगून टाकते. दुसरबीडजवळच्या आमच्या गावात मला लोक तोंडावर ‘वहिनी’ आणि पाठीमागं ‘कोंबड्यांची फौजदारीण’ म्हणत. मला त्याचं वाईट वाटत नसे. उलट बरंच वाटे, कारण माझं शेड होतं. दोन लांब खोल्या, मधे खाद्याची कोठी, भोवती जाळी, आणि आत सुधारित गावरान जातीचे पाचएकशे पक्षी. नवऱ्याचं काम शेतात, कपाशी आणि सोयाबीनमध्ये. शेड माझं. घरात आणि गावात असं ‘माझं’ म्हणायला दुसरं काही नव्हतं.

तेही मला मिळालं ते नणंदेमुळं. ती नवऱ्याची धाकटी बहीण, साखरखेर्ड्याला दिलेली. तालुक्याला कोंबडीपालनाचं आठ दिवसांचं प्रशिक्षण होतं आणि मला जायचं होतं. सून आठ दिवस घराबाहेर राहणार म्हटल्यावर घरात जे व्हायचं ते झालं. सासूबाईंनी पाण्याची कळशी आपटली, नवरा गोठ्याकडं निघून गेला. नणंदेला कुणी कळवलं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी घेऊन दारात हजर. म्हणाली, आठ दिवस म्हशीचं, चुलीचं मी पाहते, वहिनीला जाऊ द्या. माझ्या माहेरच्यांनी, पिंपळगाव राजाच्या माझ्या सख्ख्या भावांनीसुद्धा माझ्यासाठी असं कधी काही केलं नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून माझ्या बाजूनं बोलणारी ती एकटीच होती. हे मी तिला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

प्रशिक्षणात मी पहिल्या बाकावर बसायचे. रोग कसा येतो, तर माणसाच्या पायानं येतो, हाताला चिकटून येतो, खाद्याच्या गाडीच्या चाकानं येतो, कावळा-चिमण्यांबरोबर येतो, आणि सगळ्यांत जास्त, दुसऱ्याकडून आणलेल्या कोंबडीबरोबर येतो. मी वहीत सगळं उतरवून घेतलं. हौदीचं चित्रही काढलं. शिकवणारे सर म्हणाले होते, हौदी चांगली तीन फूट रुंद हवी, कुणाला ओलांडता येऊ नये. तोच कागद मी गवंड्याच्या हातात दिला आणि कपाशी वेचायला गेले. संध्याकाळी येऊन पाहते तर दाराच्या चौकटीत बरोबर मावेल अशी, वीत-दीड वीत रुंदीची, दोन्ही बाजूंनी काठ उचललेली, घोटून गुळगुळीत केलेली हौदी तयार. गवंड्यानं कागद पाहिला होता, पण दार पाहून त्याच्या हाताला जे माहीत होतं तेच त्यानं केलं. तो म्हणाला, दाराखाली येते ते उंबऱ्याएवढंच असते ना वो. सिमेंट वाळलं होतं. मी आरडाओरडा केला आणि मग दमले.

तरी ते निभावलं असतं. पण शेड सुरू करायच्या दिवशी सासूबाई आरतीचं ताट घेऊन आल्या. कळशी आपटणारी हीच बाई त्या दिवशी नवीन पातळ नेसली होती. त्यांनी हौदीच्या काठावर हळदीची दोन बोटं ओढली, कुंकवाची दोन बोटं ओढली, नारळ फोडला आणि हात जोडले. मलाही भरून आलं. शेड त्यांनी आपलं मानलं होतं. त्या आनंदात माझ्या लक्षातच आलं नाही की आता हा पूजलेला उंबरा झाला आणि उंबऱ्यावर पाय द्यायचा नसतो, हे आमच्याकडं लेकरू चालायच्या आधी शिकतं.

त्या दिवसापासून जो येई तो हौदी ओलांडून येई. अदबीनं, पाय उचलून. मी ओरडत राहायचे की पाय बुडवा, पाय बुडवा. लोक ‘हाव वहिनी’ म्हणायचे आणि ओलांडायचे. शेजारच्या म्हातारबांनी तर वाकून औषधाच्या पाण्याला बोटं लावली आणि ती कपाळाला टेकवली. लाल दवाईचं पाणी ते, कपाळावरचा तपकिरी डाग चार दिवस गेला नाही. अंडी न्यायला दुसरबीडचे एक चाचा यायचे, फार सज्जन माणूस. ते तर बूट बाहेर काढून ठेवत आणि अनवाणी आत येत. दुसऱ्याच्या रोजीच्या जागी जोड्यानं जायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना सांगितलं की चाचा, बुटानं आलात तरी चालेल पण पाय बुडवून या. त्यांना ते फार विचित्र वाटलं. पुढं ते बाहेरच थांबायला लागले, ते एक बरं झालं.

एकदा मी ठरवलं की हौदी फोडून मोठी करायची. पहार घेऊन उभी राहिले तर सासूबाई आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, ‘पूजेल उंबरा फोडतेत काय वो कुठं?’ मी एरवी त्यांच्याशी मिठावरूनही भांडत असे. त्या दिवशी मात्र पहार ठेवून दिली. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्यांनी तिच्यावर वाहिलेलं हळदीकुंकू मला मोडवलं नाही.

तसं सहा वर्षं चाललं. मी हौदीतलं पाणी दर दोन दिवसांनी बदलायचे, दाराभोवती चुन्याची फक्की टाकायचे, शेडच्या चपला वेगळ्या ठेवायचे. लस वेळेवर. मर झाली नाही असं नाही, पण हाताबाहेर कधी गेली नाही. मला वाटायला लागलं की हे सगळं माझ्या शिस्तीनं चाललंय.

मग त्या हिवाळ्यात पाझर तलावावर मेलेले कावळे सापडले. आधी दोन, मग सात-आठ. शेतातून आमच्या शेडकडं येणारी पायवाट तलावाच्या बांधावरूनच येते. त्याच दिवशी मी दाराला कुलूप घातलं. चुना दुप्पट टाकला. गावात सांगून टाकलं की आता शेडच्या आसपास माणूस, कुत्रं, कोंबडी काही दिसता कामा नये. कोरोनात सगळ्यांनी महिनोन्महिने हात धुतले होते, त्यामुळं माझं बोलणं कुणाला नवीन नव्हतं, पण कोंबड्यांसाठी हे सगळं, म्हणून लोक हसलेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी नणंद आली. रस्त्यावर काळीपिवळी जीप थांबली, तिच्यातून ती उतरली, डोक्यावर टोपली, टोपलीवर जुन्या लुगड्याचा तुकडा घट्ट बांधलेला. ती घराकडं न जाता सरळ शेडकडं आली. लुगड्याखाली हालचाल दिसत होती. मी जाळीच्या आत होते, ती बाहेर. तिच्या गल्लीत कुणाच्या तरी दोन कोंबड्या सकाळी मरून पडल्या होत्या आणि लोक म्हणत होते, रोग आला. तिचा नवरा पुण्याकडं कंपनीत, घरी ती आणि आंधळे सासरे. जसं मला शेड, तशा तिला त्या पाच कोंबड्या. रोग आला म्हटल्यावर तिला सुचलं ते एकच. माहेरी वहिनीकडं नेऊ, तिथं दवाई आहे. आमच्या भागात हे सगळेच करतात. गावात मर सुरू झाली की कोंबड्या टोपलीत घालून पाहुण्याकडं पाठवायच्या, जीव वाचवायला.

तिनं टोपली खाली ठेवली आणि हसून म्हणाली, ‘तुमच्याकडं दवाई हाय म्हणून आणल्या वो वहिनी. चार रोज राहू द्या.’

मला वहीतलं ते पान आठवलं. सगळ्यांत जास्त, दुसऱ्याकडून आणलेल्या कोंबडीबरोबर. मी म्हणाले, ‘ताई, टोपली जाळीपाशी आणू नका. कोंबड्या आत येणार नाहीत. आणि तुम्ही पण नाही.’

तिला आधी थट्टा वाटली. मग तिनं विचारलं, मागच्या पडवीत ठेवते, घरापाशी, शेडपासून लांब, तर? मी नाही म्हणाले. गोठ्यात? नाही. मी तिला समजावून सांगितलं, फार नीट, प्रशिक्षणात सांगतात तसं. तुमच्या गल्लीत मर झालीय, तुमच्या अंगावर, साडीवर, चपलेला रोग असू शकतो, घरीसुद्धा जाऊ नका, तशाच परत जा. मी हे सगळं जाळीच्या आतून, हाताची घडी घालून सांगितलं. नको तितकं बरोबर सांगितलं. तेवढ्यात सासूबाई घराच्या दारात आल्या. लेक आलेली त्यांनी पाहिली आणि लेक टोपली पुन्हा डोक्यावर घेऊन रस्त्याकडं चाललेली पाहिली. त्या पाण्याचा तांब्या घेऊन मागं धावल्या, पण गाडी मिळाली आणि ती गेली. पाण्याचा घोटही न घेता.

सासूबाई त्या दिवसापासून माझ्याशी बोलेनाशा झाल्या. नवरा जेवताना एवढंच म्हणाला की चुकीचं नाही केलं तू, पण कसं तरी वाटलं. मला कसं वाटलं ते त्यानं विचारलं नाही. मी दोन दिवस नीट जेवले नाही. आणि तरीही, खरं सांगते, मनात एक अभिमान होता. मी परीक्षेत पास झाले असं वाटत होतं.

दहा-बारा दिवसांनी सकाळी शेडमध्ये गेले तर आवाज कमी होता. पाचशे पक्ष्यांचा आवाज कानाला सवयीचा असतो, तो उतरला की लगेच कळतं. पाण्याची भांडी तशीच भरलेली. कोपऱ्यात नऊ मेलेल्या, बाकीच्या पंख सोडून बसलेल्या, तुरे काळेनिळे पडलेले. दुपारपर्यंत चाळीस. दुसऱ्या दिवशी मी मोजणं सोडून दिलं. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर आले, नमुने घेतले, ते पुण्याला आणि तिथून भोपाळला गेले. मी शेडमध्येच बसून होते. एकीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तिला नाव नव्हतं, मी कुणालाच नाव दिलं नव्हतं, पण तिला मी ओळखत होते. पायात वाकडं नख असलेली. ती माझ्याकडं बघत बघत गेली.

निकाल आला आणि पुढचं सगळं झपाट्यानं झालं. पांढरे पोशाख घातलेली माणसं, जेसीबीनं खणलेला खड्डा, चुन्याची पोती. शेडभोवती एक किलोमीटरच्या आत जेवढे पक्षी तेवढे सगळे, असा नियम. त्यात सगळं गाव येत होतं. सासूबाईंच्या चार गावठी कोंबड्या डालग्याखाली होत्या, त्याही नेल्या. त्या डालगं धरून बसल्या होत्या. ‘माह्या तं धडधाकट हायेत,’ एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, माझ्याकडं न बघता. गावात दुसऱ्या दिवशी पहाटे कोंबडा आरवला नाही तो महिनाभर आरवला नाही. लोक माझ्याशी भांडले असते तर बरं झालं असतं. कुणी भांडलं नाही. मी दिसले की बोलणं थांबायचं.

त्याच दिवशी डॉक्टर फॉर्म भरत होते. चांगले होते बिचारे, थकलेले. बाहेरून पक्षी आणले होते का, असं त्यांनी विचारलं. मी ताठ मानेनं सांगितलं की आणलेले परत पाठवले, सख्ख्या नणंदेला दारातून परत पाठवलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, तुम्ही रोज आत कशा जाता ते एकदा करून दाखवता का, नोंद करायची आहे. मी घमेलं डोक्यावर घेतलं, जसं रोज घेते तसं. चपला बदलल्या, दार लोटलं आणि आत गेले. वळून पाहिलं तर डॉक्टर हौदीकडं बघत होते. पाणी हललंही नव्हतं.

मी हौदी ओलांडली होती.

मी म्हटलं, आज घाईत झालं असेल, पुन्हा दाखवते. दुसऱ्यांदा पाय बुडवला, पण तो बुडवताना मला थांबावं लागलं, पायाला सांगावं लागलं. त्यावरून मला कळलं. सहा वर्षं मी लोकांवर ओरडत होते आणि डोक्यावर घमेलं असलं, मन दुसरीकडं असलं की माझा पाय आपोआप उचलून पलीकडं पडत होता. लहानपणापासून जसा कुठल्याही उंबऱ्यावर पडतो तसा. आणि मी येत होते तलावाच्या बांधावरून. शेडच्या चपला होत्या, पण त्या दाराबाहेर, त्याच वाटेवर ठेवलेल्या.

डॉक्टर म्हणाले, रोग त्यामुळंच आला असं सांगता येत नाही. कावळे असतील, खाद्याची गाडी असेल, कळणार नाही कधीच. ते धीर द्यायला म्हणाले. मला त्यानं धीर आला नाही. कुणीतरी ठामपणे सांगितलं असतं की तुझ्या पायानं आला, तर मी ते उचलून कुठंतरी ठेवलं असतं.

साखरखेर्ड्याच्या गल्लीत रोग नव्हताच. त्या दोन कोंबड्या कुत्र्यानं मारल्या होत्या की उंदराच्या औषधानं मेल्या, देव जाणे. नणंदेच्या पाचही जिवंत होत्या. हे मला नवऱ्याकडून कळलं, त्याला फोनवर.

संक्रांतीला ती आली नाही. सासूबाईंनी वाट पाहिली आणि मग अंथरूण धरलं. ताप नाही, दुखणं नाही, फक्त जेवण सुटलं. दवाखान्यात नेलं तर म्हणाले वय झालं, खायला घाला. त्या खात नव्हत्या. माझ्या हातचं तर नाहीच. एका सकाळी भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, ‘माह्या लेकीले आन.’ नणंदेला परत पाठवल्यानंतर माझ्याशी बोललेले ते पहिले शब्द. नवरा म्हणाला, मी जातो. मी म्हटलं, नाही, मीच जाते. मी घालवली, मीच आणते.

मी आंघोळ केली, धुतलेली साडी नेसले आणि एसटीनं साखरखेर्ड्याला गेले. तिच्या घराच्या गल्लीत शिरले तर तिच्या दारासमोर चुन्याचा जाड पट्टा आखलेला होता. चांगला तीन फूट रुंद. आत अंगणात पाचही कोंबड्या माती उकरत होत्या. ती दारात आली, मला पाहून एक पाऊल पुढं आली आणि थांबली.

‘वहिनी, तिथंच थांबा वो,’ ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तो असता तर मी पाया पडले असते.

मी पट्ट्याच्या अलीकडं उभी राहिले. आई जेवत नाहीत, तुमचंच नाव घेतात, चला, असं म्हणाले. तिचे डोळे भरले. तिनं पदर तोंडाला लावला, आत सासऱ्यांच्या खाटेकडं पाहिलं, कोंबड्यांकडं पाहिलं. मग मलाच विचारलं, तुम्ही शिकलेल्या आहात, सांगा, तुमच्या घरी येऊन परत आले तर ह्या कोंबड्यांना काही होईल का? ती कोंबड्या कुठं ठेवणार, घरातच तर होत्या. आणि ती बाहेर कुठं राहणार, आंधळ्या सासऱ्यांना कोण पाहणार. नियम मला पाठ होता. रोग झालेल्या गावात जाऊन आलेल्या माणसानं पुढचे काही दिवस आपल्या पक्ष्यांत जायचं नसतं. आमच्या गावावरचा सरकारी बोर्ड अजून उतरला नव्हता.

मला सासूबाई दिसत होत्या, भिंतीकडं तोंड केलेल्या. मी म्हणाले, ‘या. काही होत नाही.’

तिनं तोंडावरचा पदर खाली घेतला.

‘मंग त्या दिवशी काऊन होत होतं?’

ती तशीच उभी होती आणि मी तशीच उभी होते, मधे चुना. कुणीतरी सायकलवरून गेलं. मग तिनं आतून पाण्याचा तांब्या आणला, पट्ट्याच्या काठावर ठेवला आणि मागं सरकली. मी पाणी प्यायले, तांब्या तिथंच ठेवला आणि स्टँडवर आले.

घरी पोचले तेव्हा दिवे लागायचे होते. सासूबाईंना माझ्या चपलांचा आवाज कळला. त्या कितीतरी दिवसांनी कोपरावर उठून बसल्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, माझ्या मागं दारात पाहिलं. थोडा वेळ पाहत राहिल्या, आणि परत भिंतीकडं वळल्या.